ताऱ्याचा जमाखर्च

१९ जानेवारी २०१८. अमेरिकेतल्या मेंफिस शहरात एका मुलाचा तेरावा वाढदिवस काही तासांवर आला होता. पूर्वी घरातल्या ज्या खोलीत तो खेळायचा, तिथे आता स्टीलचं पात्र, पंप, नळ्या आणि जाडजूड केबली होत्या. त्या पात्रात त्यानं त्या दिवशी अणुकेंद्रकं एकमेकांत विलीन केली. सूर्याच्या पोटात जे घडतं त्याच जातीची ही घटना. अणुसंमीलन घडवणारी सर्वांत लहान वयाची व्यक्ती म्हणून गिनीज बुकानं पुढे त्याची नोंद घेतली. त्याच्याआधी २००८ साली नेवाडातल्या रीनो इथे टेलर विल्सननं चौदाव्या वर्षी हेच केलं होतं, आणि २०१४ साली इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात एका तेरा वर्षांच्या मुलानं आपल्या शाळेत.

अशी बातमी वाचली की मनात दोनपैकी एक विचार हटकून येतो. पहिला : काहीतरी थापा असणार. ज्या संमीलनासाठी फ्रान्समध्ये पस्तीसेक देश मिळून अवाढव्य अणुभट्टी बांधताहेत, ते पोराटोरांना कसं जमेल? दुसरा विचार याच्या उलटा : जमतं, तर मग आपल्याला विजेचं बिल का येतं?

दोन्ही विचार चुकीचे आहेत. घरातलं संमीलन शंभर टक्के खरं असतं, आणि त्यातून मिळणारी ऊर्जा शून्याच्या इतकी जवळ असते की सांगताना हसू येईल. संमीलन घडवणं आणि त्यातून चार पैसे शिल्लक पाडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधलं अंतर किती, हे या हौशी लोकांइतकं नेमकं फार थोड्यांना ठाऊक असतं.

दोन केंद्रकांचं वैर

अणूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकावर धन विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे दोन केंद्रकं जवळ आणायला गेलं की ती सुटायला बघतात. जितकी जवळ, तितका विरोध जास्त. पण एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या दोन-चार भागांइतकं अंतर उरल्यावर सगळं पालटतं. तिथे दुसरंच एक बल जागं होतं. विद्युत प्रतिकर्षणापेक्षा कितीतरी ताकदवान, पण हात अगदी आखूड असलेलं. ते दोघांना खेचून एक करतं. नव्या केंद्रकाचं वस्तुमान मूळ दोघांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी भरतं आणि ती तूट ऊर्जेच्या रूपानं बाहेर पडते.

म्हणजे सगळी अडचण त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचण्याची. त्यासाठी कण भरधाव वेगानं एकमेकांवर आदळायला हवेत. ताऱ्यांमध्ये हा वेग उष्णतेतून येतो, कारण वायूचं तापमान म्हणजे अखेर त्यातल्या कणांची धावपळ. पण कणाला पळवायचा दुसराही मार्ग आहे. त्याच्यावर विद्युतभार आहे ना? मग त्याला विजेच्या दाबाखाली सोडून द्यायचं.

आता आकडे बघा. एका व्होल्टच्या दाबाखालून गेलेल्या कणाला जी ऊर्जा मिळते, ती तापमानाच्या भाषेत सुमारे ११,६०० अंशांच्या बरोबरीची असते. तीस हजार व्होल्ट लावले की हिशोब पस्तीस कोटी अंशांच्या घरात जातो. सूर्याच्या गाभ्याचं तापमान आहे दीड कोटी अंश. आणि तीस हजार व्होल्ट म्हणजे काही अद्भुत दाब नव्हे. आपल्या दिवाणखान्यात पूर्वी जो पेटीसारखा रंगीत टीव्ही असायचा, त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असे. म्हणजे रविवारी सकाळी आपण रामायण बघत होतो, तेव्हा काचेपलीकडे सूर्याच्या गाभ्यालाही मागे टाकतील असे कण धावत होते. फक्त ते इलेक्ट्रॉन होते, केंद्रकं नव्हती. शिवाय ते सगळे एकाच दिशेनं निघालेले. तापमान हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर कणांनी वाट्टेल त्या दिशांना धावायला हवं. पण वेगाचा मुद्दा खरा आहे. तेवढा वेग घरात मिळतो.

सूर्य फार सावकाश जळतो

मग सूर्याचं एवढं कौतुक कशाला? इथे पहिला मोठा धक्का बसतो. सूर्याच्या गाभ्यातल्या एका घनमीटर जागेतून सुमारे पावणेतीनशे वॉट ऊर्जा निर्माण होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून ऐंशी ते शंभर वॉट उष्णता बाहेर पडत असते आणि त्याचं शरीर घनमीटरचा जेमतेम चौदावा भाग व्यापतं. म्हणजे जागेच्या मानानं बघितलं तर हा लेख वाचणारी व्यक्ती सूर्याच्या गाभ्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा निर्माण करते आहे.

सूर्य झगमगतो तो त्याच्या आकारामुळे. त्याच्या गाभ्यातला एक प्रोटॉन दुसऱ्या प्रोटॉनमध्ये विलीन होण्याआधी सरासरी काही अब्ज वर्षं नुसता धक्के खात फिरतो. दीड कोटी अंशांचा वेगसुद्धा खरं तर अपुराच आहे. तेवढ्यानं प्रतिकर्षणाची भिंत ओलांडता येत नाही. ती ओलांडली जाते पुंजयांत्रिकीच्या कृपेनं. १९२८ साली जॉर्ज गॅमोनं दाखवलं की कण भिंतीवरून न जाता तिच्यातून बोगदा काढल्यासारखा आरपार जाऊ शकतो. शक्यता अगदी कमी, पण शून्य नाही. दुसऱ्याच वर्षी ॲटकिन्सन आणि हाउटरमान्स या दोघांनी हाच विचार ताऱ्यांना लावला. सूर्य या क्षुल्लक शक्यतेवर जगतो. त्याला ती परवडते, कारण त्याच्याकडे कण अगणित आहेत आणि वेळ भरपूर आहे. शिवाय त्यांना कोंडून ठेवणारं गुरुत्वाकर्षण फुकटचं आहे.

घरातल्या यंत्राकडे यातलं काहीच नसतं. म्हणून ते कणांच्या वेगावर भर देतं आणि सोपं इंधन निवडतं.

जुनी कल्पना, नवखे लोक

प्रयोगशाळेतलं संमीलन अणुबाँबच्या नंतर आलं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. १९३४ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अर्नेस्ट रदरफर्ड, मार्क ऑलिफंट आणि पॉल हार्टेक यांनी जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा मारा जड हायड्रोजनवरच केला. त्यातून हेलियमचा आणि हायड्रोजनचा एकेक नवा प्रकार हाती आला. ते संमीलन होतं. युरेनियमचं विखंडन सापडलं ते १९३८च्या डिसेंबरमध्ये. माणूस अणुकेंद्रकं जोडायला आधी शिकला, युरेनियमची फोडायला नंतर.

या गोष्टीत हौशी माणूस शिरतो तो १९५० साली, तोही पृथ्वीच्या एका टोकाला. सखालिन बेटावर सोव्हिएत सैन्यात ओलेग लाव्रेन्त्येव्ह नावाचा तरुण सार्जंट होता. शालेय शिक्षण त्यानं सैन्यात राहूनच पुरं केलं होतं आणि आपल्या तुटपुंज्या पगारातून तो भौतिकशास्त्राचं नियतकालिक मागवायचा. त्यानं थेट मॉस्कोला प्रस्ताव पाठवला : विद्युतभारित जाळ्यांच्या पिंजऱ्यात केंद्रकं कोंडून संमीलन घडवता येईल. तो कागद अभिप्रायासाठी आंद्रेई सखारोव्हकडे गेला. धातूची जाळी त्या माऱ्यात टिकणार नाही, हे सखारोव्हच्या लगेच लक्षात आलं. मग जाळीऐवजी हाताला न लागणारं काही वापरलं तर? चुंबकीय क्षेत्र? इगोर ताम्मबरोबर त्यानं हा विचार पुढे नेला आणि त्यातून टोकामाक नावाच्या यंत्राचा जन्म झाला. आज फ्रान्समध्ये उभी राहणारी ती अवाढव्य अणुभट्टी टोकामाकच आहे. सार्जंटच्या पत्रानं आपल्या विचारांना चालना दिली, हे सखारोव्हनं आठवणींत मोकळेपणानं नोंदवलं आहे.

जाळीची कल्पना मात्र अमेरिकेत स्वतंत्रपणे वर आली, आणि ती आणणारा माणूस होता टीव्हीचा जनक. फायलो फार्न्सवर्थ हा आयडाहोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याला सुचलं की चित्राच्या आडव्या ओळी पाडून ती इलेक्ट्रॉनच्या झोतानं एकामागून एक वाचता येतील. ७ सप्टेंबर १९२७ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पहिलं चित्र पाठवलं. ते चित्र म्हणजे एक साधी रेघ होती. पुढे बलाढ्य आरसीए कंपनीशी पेटंटसाठी झगडण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. निर्वात नळ्यांशी खेळताना त्याला एक गोष्ट दिसली होती : विशिष्ट रचनेच्या नळीत मध्यभागी, कशालाही न टेकलेला, एक तेजस्वी ठिपका. विद्युतभारित कण तिथे आपोआप गोळा होत होते. हीच युक्ती केंद्रकांवर चालवली तर? साठच्या दशकात इंडियानातल्या फोर्ट वेन इथे, आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत, त्यानं ‘फ्यूजर’ बांधला. १९६६ साली पेटंट मिळालं. त्याचा तरुण सहकारी रॉबर्ट हर्श यानं रचना सुटसुटीत केली आणि १९६७ साली निकाल छापले. दीड लाख व्होल्ट आणि इंधनात ट्रिटियम या आणखी जड हायड्रोजनची जोड, एवढ्यावर सेकंदाला शंभर कोटींच्या घरात न्यूट्रॉन, म्हणजे संमीलनाची खूण. कंपनीनं लवकरच हात आखडता घेतला. १९७१ साली फार्न्सवर्थ गेला. हर्श पुढे अमेरिकन सरकारच्या संमीलन कार्यक्रमाचा प्रमुख झाला आणि तिथे त्यानं बळ दिलं ते टोकामाकला.

फ्यूजर मात्र विस्मरणात गेला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनी तो पुन्हा बांधायला घेतला. सेमीकंडक्टर कारखान्यांतून निघालेले जुने व्हॅक्यूम पंप, दवाखान्यांतल्या मोडीत काढलेल्या क्ष-किरण यंत्रांचे ट्रान्सफॉर्मर असं सामान सेकंडहँड बाजारात मिळू लागलं होतं. गॅरेजमध्ये तारा पेटवणाऱ्यांची एक जमातच तयार झाली.

पात्राच्या आत

फ्यूजरची रचना गोष्टीत सांगण्याइतकी सोपी आहे. स्टीलचं हवाबंद पात्र, बहुधा गोल. त्याच्या मधोमध तारेचा एक छोटा पोकळ गोळा. टंगस्टन किंवा स्टेनलेस स्टीलच्या दोन-तीन कड्यांचा. पात्रातली हवा उपसून टाकायची आणि मग ड्युटेरियम या इंधनवायूची अगदी बारीक धार आत सोडायची, इतकी की दाब बाहेरच्या हवेच्या लाखाव्या भागाच्या आसपास राहील. आतल्या जाळीला वीस ते चाळीस हजार व्होल्टचा ऋण दाब द्यायचा. वायूचे अणू फुटून त्यांची धनभारित केंद्रकं जाळीकडे ओढली जातात. जाळी म्हणजे बहुतांशी भोकंच, त्यामुळे बरीच केंद्रकं तारा चुकवून आत घुसतात, मध्यातून आरपार जातात, पलीकडे बाहेर पडतात, मंदावतात आणि पुन्हा आत ओढली जातात. या येण्याजाण्यात क्वचित कधी दोघांची नेमकी टक्कर होते.

काचेच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर मधोमध जांभळट-निळसर तेजाचा गोळा दिसतो आणि जाळीच्या भोकांतून निघालेले प्रकाशाचे आरे सगळीकडे पसरलेले दिसतात. तारा लाल, मग नारिंगी तापतात. या दृश्याचे फोटो पाहून माणसं वेडी होतात.

पण हे तेज संमीलनाचं नसतं. निऑनच्या पाटीत वायू जसा उजळतो, तसाच इथेही तो उजळलेला असतो. साधी हवा भरून यंत्र चालवलं तरी असाच सुंदर गोळा दिसतो, आणि त्यात संमीलन शून्य असतं. खरं संमीलन डोळ्यांना अजिबात दिसत नाही. इतकंच काय, ते नेहमी त्या मधल्या ताऱ्यात घडतं असंही नाही. त्यातला मोठा वाटा जाळीबाहेर, पसरलेल्या वायूशी होणाऱ्या टकरींतून येतो. काही केंद्रकं पात्राच्या भिंतीत रुतून बसलेल्या ड्युटेरियमवर आदळतात. सगळ्यात दिमाखदार जागा आणि सगळ्यात महत्त्वाची जागा एकच असेल, याची निसर्गानं हमी दिलेली नाही.

आदिकाळातलं इंधन

ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकटा प्रोटॉन असतो. याच्या केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन. हॅरॉल्ड यूरीनं तो १९३१ साली शोधला आणि तीनच वर्षांत नोबेल पटकावलं. आपल्या पिण्याच्या पाण्यातल्या दर सुमारे ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा असतो. समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात तो सुमारे ३३ ग्रॅम भरतो. तो वेगळा काढून बनवलेलं पाणी म्हणजे जड पाणी. ते ३.८ अंशांवर गोठतं आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात तळाशी जातो. आपल्याकडे अलिबागजवळ थळला खत कारखान्याच्या शेजारी जड पाण्याचा कारखाना आहे. खतासाठी अमोनिया बनवताना जो वायू लागतो, त्यातलं ड्युटेरियम तिथे काढून घेतलं जातं. ते जातं अणुभट्ट्यांमध्ये, न्यूट्रॉनचा वेग कमी करायला.

ड्युटेरियमचं खरं नवल त्याच्या वयात आहे. तारे हे मूलद्रव्यांचे कारखाने. आपल्या रक्तातलं लोह, हाडातलं कॅल्शियम त्यांनीच बनवलेलं. ड्युटेरियम मात्र ताऱ्यात टिकत नाही, हाती लागताच जळून जातं. मग विश्वात आज ते आहे कुठून? जवळजवळ सगळंच्या सगळं महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झालं, १,३८० कोटी वर्षांपूर्वी. सूर्याच्या तिप्पट वयाचं हे द्रव्य. सृष्टीच्या पहिल्या मिनिटांत जी केंद्रकं संमीलन अर्धवट टाकून सुटली, त्यांचं उरलेलं काम मेंफिसमधल्या त्या खोलीत पुरं होत होतं.

दोन ड्युटेरियम केंद्रकं एक झाली की दोनपैकी एक गोष्ट होते, आणि दोन्हींची शक्यता जवळपास सारखी. एक तर हलक्या जातीचा हेलियम आणि एक न्यूट्रॉन, किंवा ट्रिटियम आणि एक प्रोटॉन.

किती मिळालं, किती गेलं

आता वही उघडू. तीस हजार व्होल्ट आणि दहा मिलिॲम्पियर, म्हणजे यंत्राला आपण ३०० वॉट देतो आहोत. चांगला बांधलेला घरगुती फ्यूजर सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन देतो असं धरू. म्हणजे साधारण वीस लाख संमीलनं. ऐकायला मोठं वाटतं. पण दहा मिलिॲम्पियर प्रवाहात सेकंदाला सहा कोटी अब्ज भार वाहतात. म्हणजे सुमारे तीन हजार कोटी कणांमागे एक संमीलन. आणि वीस लाख संमीलनांतून मिळणारी एकूण ऊर्जा आहे सव्वा मायक्रोवॉटच्या आत. एका वॉटच्या दहा लाखाव्या भागाच्या जवळ. तीनशे वॉट घातले, त्याच्या सव्वीस कोटीव्या भागाएवढे परत आले.

या ऊर्जेवर एक कप चहाचं पाणी ठेवलं, आणि त्यातली थोडीही उष्णता वाया जाऊ दिली नाही, तर ते उकळायला साडेबाराशे वर्षांहून जास्त काळ लागेल. वेरूळला राष्ट्रकूटांनी कैलास लेणं खोदायला घेतलं, त्याच सुमाराला आधण ठेवलं असतं तर आज कुठे चहा टाकायची वेळ आली असती.

यात बांधणाऱ्याचा दोष नाही. दोन केंद्रकं जवळ आली की ती विलीन होण्यापेक्षा एकमेकांना बाजूला ढकलून भलत्याच दिशेला भरकटण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते. अशा प्रत्येक धक्क्यात मोठ्या कष्टानं दिलेला वेग वाया जातो. काही कण सरळ जाळीच्या तारांवर आदळतात आणि त्यांना तापवतात. सखारोव्हनं १९५० साली ओळखलेली अडचण हीच. उरलीसुरली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपात निघून जाते. १९९५ साली एमआयटीमध्ये टॉड रायडरनं आपल्या प्रबंधात दाखवलं की अशा असमतोल प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतून, निव्वळ नफा काढायच्या आड ही गळती मुळापासूनच येते. संमीलनाच्या अभियंत्याला खरी भूक आहे ती भरकटलेल्या कणाला पुन्हा पुन्हा संधी देण्याची. कण हजारो वेळा भरकटला तरी बाहेर सुटू नये, त्याची ऊर्जा आतच फिरत राहावी. टोकामाकचे महाकाय चुंबक त्यासाठीच असतात. सूर्यानं हे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवलं आहे.

न दिसणाऱ्याचा पुरावा

ऊर्जा इतकी नगण्य, आणि डोळ्यांना जे दिसतं त्याचा संमीलनाशी संबंध नाही. मग संमीलन झालं हे ठरवायचं कसं? या छंदाचा खरा गाभा इथे आहे. पात्र बांधणं हे हस्तकौशल्य. न्यूट्रॉन सिद्ध करणं हे विज्ञान.

न्यूट्रॉनवर भार नसतो, म्हणून तो स्टीलच्या भिंतीतून निवांत बाहेर येतो. पण भार नसल्यामुळेच कुठल्याही यंत्राला तो सरळ जाणवत नाही. त्याला मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या जाड थरातून नेऊन मंद करावं लागतं आणि मग खास वायू भरलेल्या नळीत पकडावं लागतं. गंमत अशी की शेजारीच तीस हजार व्होल्टच्या ठिणग्या उडत असतात आणि त्यांच्या विद्युत गोंगाटानंही मोजणीयंत्राचे आकडे पळू लागतात. नवशिक्याला वाटतं, न्यूट्रॉन आले! ते असतात ठिणग्यांचे भास.

या जाळ्यात मोठमोठे अडकले आहेत. मार्च १९५१मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी जाहीर केलं की उएमुल बेटावर रोनाल्ड रिक्टर या शास्त्रज्ञानं संमीलन साधलं आहे. चौकशीत काहीच निघालं नाही. जानेवारी १९५८मध्ये ब्रिटनमधल्या हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्राचा जगभर गाजावाजा झाला आणि काही महिन्यांत दावा मागे घ्यावा लागला. तिथले न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून न येता, अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या मोजक्या केंद्रकांच्या टकरींतून येत होते. ज्या प्रकारच्या न्यूट्रॉनमुळे हार्वेलची मान खाली गेली, त्याच प्रकारच्या न्यूट्रॉनसाठी गॅरेजमधला हौशी माणूस रात्रीचा दिवस करतो. दोघांच्या दाव्यात फरक आहे. एक म्हणत होता की आता वीज येणार. दुसरा फक्त म्हणतो की संमीलन झालं.

तिसरं प्रकरण ‘शीत संमीलना’चं. २३ मार्च १९८९ रोजी युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी सांगितलं की पॅलेडियम आणि जड पाण्याच्या साध्या विद्युतघटात, खोलीच्या तापमानाला, संमीलनाची उष्णता मिळते. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अनेक गटांनीही त्याच वर्षी प्रयोग करून न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याचे अहवाल दिले. पण जगभरच्या प्रयोगशाळांना हे निकाल भरवशानं पुन्हा मिळवता आले नाहीत. हिशोबही आडवा आला. ड्युटेरियमच्या नेहमीच्या संमीलनातून एक वॉट उष्णता हवी असेल, तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. तेवढ्या न्यूट्रॉनच्या शेजारी उभं राहून पत्रकार परिषद घेण्याइतकं आयुष्य कुणाला उरलं नसतं.

म्हणून फ्यूजर बांधणाऱ्यांनी आपापसांत कडक शिस्त रुजवली. ड्युटेरियम काढून दुसरा वायू भरा, व्होल्ट तेवढेच ठेवा. आकडा कोसळला पाहिजे. मेणाचा थर काढा. मंद झालेल्या न्यूट्रॉनसाठीची नळी शांत झाली पाहिजे. बुडबुड्यांच्या मापकाशी ताळा करा. या मापकात जेलीसारख्या द्रव्यात सूक्ष्म थेंब असतात, न्यूट्रॉन लागला की त्यातला थेंब फुलून बुडबुडा होतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो. त्याला ठिणग्यांच्या गोंगाटाशी देणंघेणं नसतं.

आणि मग सगळ्यात देखणा पुरावा : चांदी. मेणाच्या ठोकळ्यात चांदीचा पत्रा ठेवून फ्यूजर चालवायचा. काही मंद न्यूट्रॉन चांदीच्या केंद्रकांत शिरतात आणि ती किरणोत्सारी होतात. यंत्र पूर्ण बंद करायचं, पत्रा उचलून गायगर काउंटरपाशी न्यायचा आणि ऐकायचं. टिकटिक आधी भराभर ओसरते, मग सावकाश. त्यात दोन चाली मिसळलेल्या असतात : एका प्रकारच्या चांदीचं अर्धायुष्य सुमारे २४ सेकंद, दुसऱ्याचं २.४ मिनिटं. कुठलीही ठिणगी ही लय नक्कल करू शकत नाही, कारण ठिणगी आता उडतच नाहीये. टिकटिक थांबते तेव्हा चांदीचे ते अणू कॅडमियम झालेले असतात. धातू बदलण्याची किमया शतकानुशतकं किमयागारांना हुलकावणी देत राहिली. इथे ती घरातल्या टेबलावर घडते, आणि तिचा उपयोग केवळ पावती म्हणून केला जातो.

धोका आणि परवाना

हे वाचून कुणाचे हात शिवशिवले असतील तर सांगून ठेवलेलं बरं. या छंदात न्यूट्रॉनच्या आधी जीव घेईल ती वीज. तीस-चाळीस हजार व्होल्टचा एकदिश दाब माणसाला दुसरी संधी देत नाही, आणि यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो दबा धरून बसतो. त्यानंतर क्ष-किरण, स्टील त्यांना बऱ्यापैकी अडवतं, पण बघायची काचेची खिडकी नाही. म्हणून जाणते लोक आत कॅमेऱ्यातून किंवा शिसेयुक्त काचेतून बघतात. भारतात तर क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन निर्माण करणारं यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही, आणि जड पाणी व ड्युटेरियम ही नियंत्रित द्रव्यं आहेत. पण फ्यूजर आपल्या देशात नाही असं समजू नका. गुवाहाटीजवळ सोनापूरला प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या केंद्रात या जातीचं यंत्र बांधून त्यावर अभ्यास चालतो. कारण वीज देत नसला तरी फ्यूजर कामाचा आहे. बटण दाबलं की न्यूट्रॉन देणारा आणि बटण सोडलं की बंद होणारा स्रोत वैद्यकीय समस्थानिक बनवायला, पदार्थांची अंतर्गत तपासणी करायला, स्फोटकं हुडकायला उपयोगी पडतो.

भाभांचं भाकीत

ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. त्यांनी भाषणात भाकीत केलं की संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीनं मिळवण्याची पद्धत पुढच्या दोन दशकांत सापडेल. ती दोन दशकं उलटून सुमारे अर्धशतक झालं.

५ डिसेंबर २०२२ला कॅलिफोर्नियातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९२ लेझर झोतांनी इंधनाच्या बारीक गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा ओतली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. पहिल्यांदाच संमीलनानं घेतल्यापेक्षा जास्त दिलं. ही थोर कामगिरीच. पण ते झोत तयार करायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल खेचले गेले होते. म्हणजे जमाखर्च मांडताना रेघ कुठे ओढता, यावर नफा-तोटा ठरतो.

संमीलनावर आता खासगी कंपन्या अब्जावधी डॉलर लावताहेत, त्यामुळे ‘कृत्रिम सूर्य पेटला’ अशा बातम्या वारंवार येत राहणार. तेव्हा फ्यूजरवाल्यांचे तीन प्रश्न उसने घ्यावेत. न्यूट्रॉन किती, आणि ते मोजले कसे? भिंतीवरच्या प्लगपासून धरलं तर वीज किती लागली? आणि इंधन काढून त्याजागी दुसरा वायू भरला, तेव्हा काय दिसलं? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं चोख उत्तर मेंफिसच्या बारा वर्षांच्या मुलाला द्यावं लागतं, नाहीतर त्याचे छंदबंधूच त्याला मान्यता देत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो न लाजता देतो : सव्वीस कोटींना एक. ज्या दिवशी कुणीतरी त्याच तीन प्रश्नांची तितकीच सरळ उत्तरं देऊन शेवटी ‘एकाला दहा’ म्हणेल, त्या दिवशी विजेच्या बिलाचं बघू.